नसलेली शर्यत

ज्या गोष्टीत पहिला नंबर ठेवलेलाच नाही तिच्यातही पहिला येण्याची धडपड करणारा प्राणी म्हणजे मनुष्य. आणि तो सरकारी नोकर असला तर मग विचारूच नका! नोकरीनिमित्त दिल्लीस आल्यावर आम्ही सुटीच्या दिवशी लांब पल्ल्याच्या सायकल-सफरींना जाऊ लागलो, तेव्हा या सत्याचा आम्हांस रोकडा प्रत्यय आला.

या सफरींना 'ब्रेव्हे' म्हणतात. नाव फ्रेंच असले तरी व्यवहार सरळ आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 600 चाळीस तासांत पुरे करावयाचे, वाटेतल्या नाक्यांवर कार्डावर शिक्का घ्यावयाचा आणि मुदतीत परतावयाचे. आधी येणाऱ्यास बक्षीस नाही, मागाहून येणाऱ्यास कमीपणा नाही. फाजील घाई करणाऱ्यांचीही सोय लावलेली आहे. नाका उघडण्याची वेळ ठरलेली असते. तिच्याआधी पोचणाऱ्या वीराने तिथे तिष्ठत बसावे! हा नियम करणाऱ्यास मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे.

या सफरींतली सर्वांत नामांकित सफर जन्मली ती मात्र शर्यत म्हणूनच. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यावयाचे, अंतर सुमारे 1200 किलोमीटर. 1891 साली ही शर्यत प्रथम झाली आणि शार्ल तेराँ याने ती तीन दिवसांच्या आत जिंकली. पुढे 1931 पासून हौशी मंडळीही त्या वाटेने निघू लागली. धंदेवाईक स्वारांची शर्यत 1951 नंतर बंद पडली. हौशी मात्र आजही दर चार वर्षांनी नव्वद तासांच्या मुदतीत ती वाट तुडवतात, आणि त्यांत आता भारतीयही असतात. शर्यत निमाली, सफर उरली. यात काही अर्थ आहे असे आम्हांस वाटते.

परंतु आमच्या मेळ्यातील एका गृहस्थांस तो पटत नाही. पहाटेच्या काळोखात दिल्ली सोडली की त्यांची नजर हँडलवरच्या घड्याळास जी चिकटते ती सुटत नाही. मुरथळला ढाब्यांवर पराठे भाजले जात असतात, त्यांचा वास वाऱ्यावर येतो. हे मान खाली घालून पुढे! लाल दिवा लागला तरी यांचे पाय थांबत नाहीत. जी. टी. रोडवरील ट्रकवाल्यांस ब्रेव्हेचे नियम ठाऊक नसतात, याची आम्हांस धास्ती वाटते.

एकदा आम्ही त्यांस विचारले, "अहो, एवढी घाई कशासाठी?" ते म्हणाले, "कचेरीत चौदा वर्षे एकाच खुर्चीवर आहे. ज्येष्ठता-यादीत वरचा माणूस सरकला तर मी सरकणार. इथे पुढच्याला मागे टाकायला कुणाची मंजुरी लागत नाही."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. यादीत नाव असलेल्या कोणाही माणसास हे दुःख परके नाही.

तरीही त्याच मेळ्यातील एका निवृत्त वृद्धांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गेल्या हिवाळ्यातील 200 किलोमीटरांच्या सफरीत पानिपताजवळून मागे वळावयाचे होते. मराठी माणूस पानिपताला जाऊन वेळेत परत येणार, ही कल्पनाच आम्हांस मौजेची वाटत होती! हे वृद्ध मात्र वाट वाकडी करून काला आंबला गेले. 1761 सालच्या त्या रणभूमीवरील स्मारकापुढे बूट काढून घटकाभर उभे राहिले आणि मग परत फिरले. मुदत संपावयास दहा मिनिटे उरली असताना ते दिल्लीत पोचले. तोवर पुढे आलेली मंडळी घरोघर गेली होती. शिक्का मारणारा तरुण आणि आम्ही, एवढेच उरलो होतो. कार्डावर शिक्का पडला. आमच्या घाईवाल्या मित्रांच्या कार्डावर पडला होता तोच, तसाच.

"काय पाहिलेत?" आम्ही विचारले. वृद्ध बराच वेळ बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी कचेरीत मित्रांसही तोच प्रश्न केला. त्यांनी आपला सरासरी वेग सांगितला.

सोमवार ते शुक्रवार आपण सारे यादीतच जगतो; वरचा कोण, खालचा कोण, हे विसरून चालत नाही. ज्या एका कागदावर आपल्या नावापुढे क्रमांक घालण्याची जागाच ठेवलेली नाही, तो निदान एक दिवस तसाच कोरा राहू द्यावा.