धागा राखायचा

४ जुलै
भोसरीच्या वर्कशॉपमधून कार्बन फायबर कॉम्पोझिटची पोतंभर कात्रणं आली. ड्रोनच्या हातांच्या कडा, नाकारलेल्या नळ्या, पॅनेलच्या पट्ट्या. धागे धरून ठेवणारी इपॉक्सी राळ एकदा कडक झाली की तापवून वितळत नाही, करपते. म्हणून असला बराच माल शेवटी जमिनीत पुरला जातो. जीव तुटतो तो आतल्या धाग्यासाठी. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलचा तंतू आधी हवेत २०० ते ३०० अंशांवर भाजायचा, मग नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्याही वर तापवायचा, तेव्हा कुठे कार्बन फायबर हाती येतो. एवढी ऊर्जा खाऊन तयार झालेली वस्तू खड्ड्यात घालणं मला पटत नाही.

७ जुलै
कारखान्यांत रुळलेला मार्ग भट्टीचा: ऑक्सिजनशिवाय ४५० ते ६०० अंशांवर राळ उडवायची. मागे काजळी उरते, आणि ती जाळायला हवा सोडली की धागाही झिजू लागतो.

आमचं काम थंड पाण्यातलं. मिठाच्या पाण्यातून डीसी करंट सोडला की अ‍ॅनोडवर क्लोरीन सुटतो, त्याचं पाण्यात हायपोक्लोरस आम्ल होतं आणि ते अमाइनने घट्ट केलेल्या इपॉक्सीतले कार्बन-नायट्रोजन बंध तोडतं. एक अँपिअर तासभर दिला तर फॅरडेच्या हिशेबाने फार तर १.३२ ग्रॅम क्लोरीन. जहाल रसायनाचे कॅन साठवावे लागत नाहीत, पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढंच बनतं. मात्र पीएच फार खाली गेला तर क्लोरीन वायूच बाहेर पडतो, म्हणून सगळं फ्यूम हूडमध्येच.

९ जुलै
साताऱ्याहून मित्राचा फोन. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांची जुनी पाती चालतील का? ती मुख्यतः काचतंतूंची. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे तुकड्यालाच अ‍ॅनोड करता येत नाही. शिवाय काचतंतू इतका स्वस्त की सोडवण्याचा खर्चही निघायचा नाही.

१२ जुलै
कार्बन वीज वाहतो, हीच खरी संधी आणि हाच धोका. शेनझेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये कॉम्पोझिटचा तुकडाच अ‍ॅनोड म्हणून मिठाच्या पाण्यात जोडला होता. ऑक्सिडंट राळेला खेटूनच तयार होतं, वाया कमी जातं. पण त्याच जागी धाग्याचंही ऑक्सिडेशन होतं.

आम्ही दोन सेल शेजारी शेजारी लावले: एकात तुकडाच अ‍ॅनोड, दुसऱ्यात वेगळा इलेक्ट्रोड आणि तुकडा नुसता द्रावणात. आज दोन्हींतले धागे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. धाग्याची जाडी जेमतेम सात मायक्रॉन. पहिल्या सेलमधले स्वच्छ सुटले होते, पण अंगावर खड्डे. दुसऱ्यातल्यांवर राळेचे कण चिकटलेले, खालचा धागा मात्र गुळगुळीत.

थोडं ऑक्सिडेशन वाईट नसतं. नवा धागा बनवणारेही त्याला शेवटी विजेच्या सौम्य आंघोळीतून काढतात. पृष्ठभागावर ऑक्सिजन बसला की पुढे राळ चांगली धरते. म्हणजे संस्कार आणि नुकसान यांत फरक फक्त करंट किती आणि किती वेळ, एवढाच. माझ्या मते करंट वाढवून काम उरकण्याची घाई इथे अजिबात करू नये. राळ किती गेली हे सगळे विचारतात, धागा किती उरला हे आधी विचारायला हवं.

१६ जुलै
दिवसभर एकेरी धाग्यांची ताण-चाचणी. कागदाच्या खिडकीसारख्या चौकटीत एक धागा ताठ चिकटवायचा, चौकट मशीनच्या जबड्यात धरायची, मग बाजूच्या कागदी पट्ट्या कातरीने कापायच्या. त्यानंतर सगळा ताण त्या एका धाग्यावर. श्वास जोरात सोडला तरी चौकट हलते. माझ्या विद्यार्थिनीचा हात यात फार स्थिर आहे. खड्डे पडलेले धागे लवकर तुटले. दुसऱ्या सेलमधल्यांनी चांगला तग धरला.

२० जुलै
सेलमधलं तपकिरी पाणी बाटल्यांत भरून, चिठ्ठ्या लावून ठेवलं. त्यात राळेचे क्लोरीन जोडलेले तुकडे असणार. ते गटारात जाता कामा नये. म्हणून पुढची फेरी मिठाऐवजी सल्फेटची. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या अ‍ॅनोडवर त्याचं पर्सल्फेट होतं. ते टिकाऊ, म्हणून एका भांड्यात बनवून दुसऱ्या भांड्यात तुकड्यांवर सोडता येतं आणि तिथे कोमट तापवून कामाला लावता येतं. धागा विजेपासून पूर्ण लांब.

संध्याकाळी वर्कशॉपवाल्या काकांना फोन केला. पुढची कात्रणं क्रशरमध्ये घालू नका, लांब पट्ट्या तशाच ठेवा, आखूड धागा नुसत्या भरावाच्या कामाचा उरतो, असं सांगितलं. "जागा अडते हो," म्हणाले, पण एक रॅक मोकळा करून देणार आहेत.