शाईआडचं ऊन

सायनोटाइपची कार्यशाळा संपत आली, हात निळे झाले, पहिले प्रिंट दोरीवर वाळत पडले, की कुणीतरी विचारतंच, "ताई, प्रिंटर कोणता घेऊ?" मी उलट विचारते, "छापणार काय?" त्यावर "फोटो!" असं उत्तर येतं. इथून पुढे अर्धा तास सहज जातो.

सायनोटाइप, सॉल्ट प्रिंट, प्लॅटिनम, गम या सगळ्या जुन्या पद्धतींना लागतो तो उन्हातला अतिनील भाग, आणि तोही भरपूर. एन्लार्जरच्या दिव्याने यांचं भागत नाही. त्यामुळे लहान निगेटिव्हवरून मोठं चित्र काढायची सोय नाही. जेवढं चित्र हवं तेवढंच निगेटिव्ह कागदाला चिकटवून उन्हात ठेवायचं. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, नारायण दाजी लाड यांच्यासारखे लोक छायाचित्रं काढू लागले, तेव्हा कुणाला याचं काही वाटत नव्हतं. कॅमेराच तेवढा मोठा असायचा. आपण मोबाइलवर फोटो काढतो आणि ए-फोर आकाराचा सायनोटाइप मागतो, म्हणून मधे पारदर्शक फिल्मवर छापलेलं डिजिटल निगेटिव्ह येतं. डॅन बर्कहोल्डर यांचं या विषयावरचं पुस्तक १९९५ मध्ये आलं, तेव्हा अशी निगेटिव्हं छापखान्याच्या इमेजसेटरवर काढून आणावी लागत. आता ते काम टेबलावरचा इंकजेट करतो.

मात्र दुकानात प्रिंटर ज्या गुणांवर विकला जातो, ते गुण इथे जवळजवळ निरुपयोगी आहेत. रंग किती खुलतात, त्वचेचा पोत कसा येतो, प्रिंट किती वर्षं टिकतो, हे ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं. निगेटिव्ह भिंतीवर लागत नाही. त्याच्याकडे बघणार आहे ऊन, आणि उन्हाची नजर आपल्यासारखी नाही. डोळ्याला ठार काळी दिसणारी शाई अतिनील किरणांना बऱ्यापैकी वाट देऊ शकते, आणि फिकट वाटणारी पिवळी त्यांना चांगली अडवू शकते. म्हणून तर अनेकांची निगेटिव्हं हिरवी, नारिंगी किंवा लाल असतात. नवख्याला वाटतं काहीतरी बिघडलंय.

तेव्हा प्रिंटर पारखायचा तो उन्हातच. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. ज्या पद्धतीत काम करायचं, तिचं रसायन लावलेला कागद घ्या. त्यावर कोरी फिल्म ठेवून थोडा थोडा वेळ वाढवत पट्ट्या काढा. ज्या वेळेनंतर निळा आणखी गडद होत नाही, तो तुमचा पायाचा वेळ. पुढे सगळं काही याच वेळेवर. मग त्याच फिल्मवर प्रिंटरने चौकोन छापून घ्या : नुसता काळा, नुसता पिवळा, लाल, हिरवा, नारिंगी, आणि प्रत्येकाच्या फिकट होत जाणाऱ्या छटा. सावलीत हे पान एखाद्या साडीच्या दुकानातल्या शेडकार्डासारखं दिसतं. पायाच्या वेळेइतकं ऊन दाखवा, धुवा, वाळू द्या. आता बघा, कुठल्या चौकोनाखाली कागद पांढरा राहिला. माझ्या सहा रंगांच्या टँकवाल्या प्रिंटरच्या अशा पानावर काळ्याखाली धुरकट निळी झाक उरली होती आणि शेजारच्या हिरव्याखाली कागद स्वच्छ होता. तुमच्या प्रिंटरवर नेमकं उलटंही निघू शकेल. म्हणूनच दुसऱ्याच्या निकालावर विसंबून पैसे मोजू नयेत. दुकानदाराला विनंती केली तर आपण नेलेल्या फिल्मवर एक पान तो काढून देतो, निदान मला तरी आजवर बहुतेकांनी दिलंय.

पुढचा प्रश्न, किती अडवायला हवं? स्टॉफर कंपनीची, पायरीपायरीने गडद होत जाणारी २१ पायऱ्यांची पट्टी यासाठी फार कामाची. तिची प्रत्येक पायरी ०.१५ घनतेची, म्हणजे दोन पायऱ्या चढलात की प्रकाश निम्मा. साध्या सायनोटाइपला साधारण दीडच्या आसपास घनता पुरते, म्हणजे बत्तिसावा हिस्सा प्रकाश आत गेला तरी कागद पांढरा. प्लॅटिनम-पॅलेडियमला त्याहून थोडी जास्त लागते. सॉल्ट प्रिंट मात्र हावरा आहे. दोनच्या पुढची घनता मागतो, म्हणजे शंभरातला एक भागही जाऊ द्यायचा नाही. फक्त सायनोटाइपच करणाऱ्याने सॉल्ट प्रिंटच्या हिशेबाने प्रिंटर घेणं म्हणजे निव्वळ खर्च, आणि सॉल्ट प्रिंटचं वेड असणाऱ्याने स्वस्तातल्या डाय शाईवर आशा लावून बसणं त्याहून वाईट.

माझं मत विचाराल तर सायनोटाइप आणि व्हॅनडाइक ब्राउनसाठी एप्सनचा एल १८०० किंवा एल १८०५० यासारखा ए-थ्री प्लस, सहा रंगांचा टँक प्रिंटर आधी तपासावा. डाय शाईचा आहे, चालवायला स्वस्त आहे, आणि हाताशी चांगला रंग सापडला की काम भागतं. प्लॅटिनम आणि सॉल्टसाठी पिगमेंट शाई आणि एकाहून अधिक काळ्या-करड्या छटा असलेला प्रिंटर बघावा : एप्सनचाच जुन्यातला ३८८०, त्यानंतरचा पी ८००, किंवा नवा पी ९००. पहिल्या दोघांत मॅट काळ्याकडून फोटो काळ्याकडे जाताना शाई वाया जाते. पी ९०० मध्ये दोन्हींना स्वतंत्र नोझल आहेत. पण फक्त निगेटिव्हच काढणार असाल, तर तुम्हाला काळा बदलायचं कारणच नाही.

एप्सनकडे माझा कल आहे त्याचं खरं कारण क्वाडटोन रिप. रॉय हॅरिंग्टन यांच्या या सॉफ्टवेअरने प्रत्येक शाई वेगवेगळी, हवी तेवढीच सोडता येते. कॅननच्या प्रिंटरना ते चालत नाही. तिथे फोटोशॉपमध्ये रंग आणि कर्व्ह लावून काम करावं लागतं. तसं करून उत्तम प्रिंट काढणारी माणसंही आहेत, कॅननवाल्यांनी रागवू नये.

घनतेनंतर बघायचा तो सपाटपणा. नेहमीच्या छपाईत आकाश म्हणजे कमी शाईची जागा, निगेटिव्हमध्ये तीच जागा शाईने भरलेली. फिल्म पुढे सरकताना जराशी चुकली तर बारीक आडवे पट्टे थेट आकाशात उमटतात. जाड कापसी कागदाच्या पोतात ते लपतात, गुळगुळीत कागदावरच्या प्लॅटिनममध्ये नाही. काही प्रिंटरमध्ये फिल्म बाहेर ढकलणारी दातेरी चाकं ओल्या शाईवर ठिपक्यांची रांग उठवतात. दुकानातल्या चाचणीच्या पानावर म्हणूनच एक मोठा एकसुरी करडा आयत ठेवा आणि फिल्म तिरकी धरून बघा. डीपीआयच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

फिल्म इंकजेटचीच हवी, आणि आरपार. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडची दुधी फिल्मही चालते, पण ती प्रकाश पसरवते आणि वेळ वाढतो. ओलं बोट लावल्यावर चिकटते ती लेपाची बाजू. छपाई तिच्यावर, आणि चित्र आधी आडवं उलटवून, म्हणजे शाई कागदाला भिडेल. कित्येक प्रिंटरच्या सेन्सरला पारदर्शक कडा दिसत नाही, तेव्हा मागे पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवा. पावसाळ्यात कोकणात काय किंवा मुंबईत काय, लेप दमट होतो आणि शाई वाळायला रात्र घेते. ओलसर निगेटिव्ह सॉल्ट प्रिंटवर ठेवलं तर चांदीचे डाग निगेटिव्हवर कायमचे बसतात. मधे पातळ पॉलिस्टर ठेवला की वाचतं, थोडी धार गेली तरी.

शाईची बाटली मात्र बदलू नका. टँकमध्ये स्वस्त शाई ओतली की पानावरचा रंग तोच दिसतो आणि उन्हातला हिशेब पार बदलतो. मग चौकोनांपासून पुन्हा सुरुवात.

आणि महिन्याला दोन-चार निगेटिव्हंच लागणार असतील तर प्रिंटर घेऊच नका. बंद पडून राहिलेल्या पिगमेंट प्रिंटरची नोझल चोंदतात, आणि हेड बदलायचं म्हटलं की नव्या प्रिंटरचा विचार मनात येतो. त्यापेक्षा चांगल्या फोटो लॅबशी बोलून ठेवा : फिल्म आपली, फाइल आपली, दर वेळी तेच मशीन, तीच सेटिंग. रंगसुधारणा बंद ठेवायला मात्र स्वतः शेजारी उभं राहून सांगा, कारण निगेटिव्ह बघून लॅबमधल्या मुलाला ते सुधारायचा मोह होतोच.