सातची घंटा

पाहुणचाराला पूर्वी दोन गोष्टी पुरत असत : एक मोकळी खाट आणि गप्पांना विषय. आता तिसरी लागते. पाहुण्यांच्या चपला दारात पडतात न पडतात तोच धाकटी मंडळी वायफायचा पासवर्ड विचारतात.

भिलाईच्या जुनवानीत आमचे बिऱ्हाड आहे. मूळचे हे खेडे. आता वसाहती आणि कॉलेजे यांनी ते चहूकडून वेढले आहे. नोकरीपायी गावोगाव हिंडलेल्या माझ्यासारख्या माणसाला येथे मराठी ऐकू येते ती घरात, किंवा सणावारी दुर्ग-रायपूरची चार मराठी कुटुंबे जमतात तेव्हा. म्हणून गेल्या दिवाळीस दिल्लीहून लेक, जावई आणि नऊ वर्षांचा नातू येणार असे कळले, तेव्हा मी मनाशी एक बेत केला.

बेताला आधार होता एका बातमीचा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 सालच्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास घरोघरचे मोबाईल आणि टेलिव्हिजन बंद. मुलांनी अभ्यासाला बसावे, मोठ्यांनी वाचावे-बोलावे, आणि साडेआठला पुन्हा भोंगा झाला की मोकळे व्हावे. आमच्या घरी भोंगा नव्हता. देवघरातली घंटा होती. मी तोंडी परिपत्रक काढले : सातला घंटा होताच मुलांचे मोबाईल माझ्या टेबलाच्या खणात जमा करावेत.

पहिल्या दिवशी अंमलबजावणी चोख झाली. मित्रांची मुले आणि आमचा नातू ओळीने सोफ्यावर बसले. आम्ही वडीलधारी मंडळी बदल्या, महागाई भत्ता आणि आठवा वेतन आयोग यांवर बोलत राहिलो. मुले घड्याळाकडे पाहत राहिली. मधूनमधून माझा स्वतःचा मोबाईल वाजे. परंतु ते सरकारी काम! साडेआठला खण उघडला, आणि तुरुंगातून सुटलेल्या कैद्यांप्रमाणे मुले आपापल्या कोपऱ्यात पसार झाली.

मला राग आला. 1987 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागे, तेव्हाची आठवण झाली. मी नुकताच नोकरीस लागलो होतो. ज्यांच्या घरी संच असे, त्यांच्या दाराशी अर्ध्या आळीच्या चपलांचा ढीग पडे. पडदा तेव्हाही होता. पण तो एक होता, आणि त्याच्यासमोर सगळे होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की, दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी 1 तासाहून अधिक वेळ पडद्यापुढे बसून राहू नये. हे सारे मी रात्री सौभाग्यवतीला ऐकवले.

ती फराळाचे डबे लावीत होती. हातातले काम न थांबवता म्हणाली, "अहो, परवा तो बोलत होता की."

"कधी?"

"आला त्या संध्याकाळी. कोणी तरी विचारले, प्रवास कसा झाला. तो म्हणाला, 'गाडी लेट झाला.' सगळे हसलात. पहिले हसू तुमचे होते. त्यानंतर त्याने मोबाईल घेतला तो घेतलाच."

मी निरुत्तर झालो. दिल्लीत हिंदीत वाढणारा मुलगा, वर्षातून एकदा आजोळी येऊन, चार अनोळखी माणसांपुढे मराठी बोलण्याचे धाडस करतो, आणि आम्ही त्याचे लिंग सुधारीत हसतो. त्या चौकोनी पडद्यावर त्याला कोणी हसत नव्हते. वडगावच्या भोंग्याचे मर्मही मला तेव्हा उमगले. तेथे भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. मी मात्र मुलांचे मोबाईल काढून घेतले आणि त्या जागी त्यांना दिले काय? तर वेतन आयोग.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोफा रिकामा दिसला. स्वयंपाकघरात डोकावलो. चकल्यांचा दुसरा घाणा चालला होता. आमचे चिरंजीव नातू पाटावर बसून दोन्ही हातांनी सोऱ्या फिरवीत होते. नाकाला पीठ लागलेले. वळता वळता एक वेटोळे निसटले.

"आजी, ही चकली तुटला!"

माझ्या ओठांवर आलेले हसू मी गिळले. आजी म्हणाली, "तुटली? मग ती तुझी. तळून देते."

तो पुन्हा फिरवू लागला, आणि बोलूही लागला : शाळेतल्या मित्राविषयी, दिल्लीच्या धुराविषयी, चुकत माकत, अखंड. मी माझा मोबाईल खणात टाकून आलो आणि शेजारी दुसरा पाट मांडला. सात केव्हा वाजून गेले ते कळले नाही. त्या दिवशी घंटा वाजवायची राहूनच गेली.

मंडळी परत गेली. आता दर रविवारी त्याचा फोन येतो. त्याच पडद्यावर त्याचे तोंड दिसते. मागच्या खेपेस त्याने विचारले, "आजोबा, तिकडे थंडी पडला का?"

"हो रे," मी म्हणालो, "पडली. खूप पडली. तुझ्याकडे?"

"इकडे पण पडली," तो म्हणाला.