आमच्या अंगणातलं वानर



आमच्या तलमडुगूकडे माकड आणि वानर हा फरक शाळेत शिकवावा लागत नाही. माकड म्हणजे लालतोंड्या, वानर म्हणजे काळतोंड्या. तेलुगू बोलणारे शेजारीही दोन वेगळी नावं घेतात, माकडाला कोती आणि वानराला कोंडमुच्चू. आम्ही लहान असताना गावाजवळ वानरंच दिसायची. राखाडी अंग, कोळशासारखं काळं तोंड, हातपायही काळे आणि अंगापेक्षा लांब शेपूट. चालताना ही शेपूट पाठीवरून पुढे डोक्याकडे वळलेली असते. गोदावरीच्या दक्षिणेकडच्या वानरांची मात्र मागच्या बाजूला वाकलेली असते म्हणतात. आम्ही पडलो गोदावरीच्या अलीकडचे, त्यामुळे आमची वानरं शेपूट पुढे घेऊनच मिरवणार!

मारुतीच्या देवळामागच्या चिंचेवर सकाळी टोळी यायची. कोवळा पाला, फुलं, चिंचा खायची आणि मग दुपारभर फांदीवर पाय सोडून बसून राहायची. वडील म्हणायचे, "आळशी नाहीत रे ती, पाला पचवतायत." पुढे वाचल्यावर कळलं की अगदी खरं होतं. वानराच्या पोटाला कप्पे असतात. पाला तिथे जंतूंच्या मदतीने आंबतो आणि मग पचतो, थोडंफार गाईसारखंच. माकडाच्या गालात पिशव्या असतात. दिसेल ते त्यात कोंबायचं आणि पळायचं. वानराला ही सोय नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर माकडाचं बचत खातं असतं, वानराचा रोजचा रोखीचा व्यवहार.

एका टोळीत बहुधा एकच मोठा नर, बाकी माद्या आणि पिल्लं. तान्हं पिल्लू गडद काळपट असतं, आईचा राखाडी रंग त्याला नंतर येतो. अशा पिल्लाला आईच सांभाळते असं नाही. मावश्या, आत्या, सगळ्या आलटून पालटून कडेवर घेतात. अर्थात ती काही साधुसंत नाहीत. नवा नर टोळी बळकावतो तेव्हा आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो, हे १९६० च्या दशकात धारवाडजवळ सुगियामा नावाच्या जपानी अभ्यासकाने प्रथम नोंदवलं.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे लाल माकडं फार वाढली. पत्रे वाजवतात, ओट्यावरची पोळी उचलतात आणि मक्याची कणसं तर उभ्या पिकात सोलून टाकतात. वानर दिसलं की ती पळतात, म्हणून ठिकठिकाणी लोक वानर आणून बांधतात. आमच्या गल्लीतल्या आठ घरांनीही तेच ठरवलं. घरटी पाचशे. हिशेब अर्थातच माझ्याकडे, कारण जन्म बँकेत गेला. चार हजार रुपये मोजून एक नर आणला आणि माझ्याच अंगणातल्या लिंबाला बांधला. हे सांगताना आज लाज वाटते, पण तेव्हा मीच पुढे होतो.

पहिला आठवडा बरा गेला. माकडं फिरकली नाहीत. लोक कौतुकाने बिस्किटं, पोळ्या, केळी आणून द्यायचे. आठव्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. पाला पचवणाऱ्या पोटात साखर आणि पीठ फार लवकर आंबतं, ते त्याला सोसत नाही. पुढच्या आठवड्यात माकडं परत आली. त्यांनी दोरीची लांबी नेमकी हेरली होती. त्याच्यापासून चार हात पलीकडे बसून शेंगा खायची आणि हे नुसतं दात विचकायचं.

वानरं तासन् तास एकमेकांचं अंग साफ करत बसतात. याचं अंग साफ करणारं कोणी नव्हतं. दोरीने गळ्याभोवतीचे केस जाऊन जखम झाली. संध्याकाळी शेताकडून टोळीचा 'हुप्प' असा आवाज आला की ते दोरी ताणून त्या दिशेला उभं राहायचं. बायको म्हणाली, "अहो, त्याच्या गळ्याकडं पाहवत नाही. सोडा त्याला."

आणि कायदाही होताच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वानर पकडणं, पाळणं गुन्हा आहे. दिल्लीतही पूर्वी माकडांना हुसकायला वानरं ठेवत. ते बंद झालं आणि २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी तर वानरांचे नुसते कटआउट लावले. हे सगळं मी शेजाऱ्यांना सांगितलं. त्यावर शेजारचा, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, म्हणाला, "साहेब, तुमची पेन्शन एक तारखेले येते. आमची कणसं कोन भरून देईन?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही.

शेवटी मीच वनखात्याला फोन केला. माणसं आली, जखमेला औषध लावून त्याला घेऊन गेली आणि बरं झाल्यावर जंगलात सोडल्याचं कळवलं. चार हजार मी माझ्या खिशातून सगळ्यांना परत केले. पैसे घेतले सर्वांनी, पण दोन घरांनी पुढे वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. शेजाऱ्याने त्या वर्षी मका घातलाच नाही. खरा उपाय माकडांची संख्या आटोक्यात आणण्याचा आहे. त्यासाठी निर्मलजवळ २०२० मध्ये केंद्र सुरू झालं, तिथे पकडलेल्या माकडांची नसबंदी करून सोडतात. पण ते काम हळू चालणारं, आणि पीक तर दर वर्षी उभं राहतं.

वयात आलेले वानर नर टोळीतून बाहेर पडून नरांच्याच वेगळ्या टोळक्यात राहतात. आमच्या त्या नरालाही असं एखादं टोळकं मिळालं असेल, अशी मी मनाची समजूत घालतो.

परवा चिंचेवर टोळी आली होती. एका मादीच्या पोटाशी काळं पिल्लू आणि शेजारी दुसरी मादी ते मागायला हात पुढे करून बसलेली. शेजारीही पाहायला आला. बरेच दिवसांनी आम्ही दोघं एका ओट्यावर बसलो, चहा घेतला. मक्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

तुमच्याकडे माकडांवर काय उपाय करतात? वानर न बांधता जमलेलं काही असेल तर जरूर सांगा. शेजाऱ्याला द्यायचं उत्तर अजून माझ्याकडे बाकी आहे.