जुना अँप जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं?

साठ वर्षांपूर्वीचा ट्यूबवर चालणारा गिटार अँप्लिफायर विकायला निघतो, तेव्हा विकणारा सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो: आतलं सगळं ओरिजिनल आहे. एकही जोड नव्यानं सोल्डर केलेला नाही, कंडेन्सर कंपनीतून आले तेच आहेत, पॉवर कॉर्डसुद्धा बदललेली नाही. एवढ्यावर किंमत चढते, आणि घेणाराही पुढं तो अँप जसाच्या तसा ठेवणं हे आपलं कर्तव्य समजतो. जुने अँप पारखायचे, उघडायचे आणि पुन्हा वाजते करायचे या कामात मी जितका मुरत गेलो, तितकं माझं मत या समजुतीच्या विरोधात पक्कं होत गेलं. इतक्या वर्षांत ज्याला कुणाचा हात लागलेला नाही असा अँप वाजवण्याच्या लायकीचा उरलेला नसतो, आणि पुष्कळदा तो जिवाला घातक असतो. दुरुस्तीनं त्याचं जुनेपण जातं असं मानणाऱ्यांनी तो मुळात कसा आणि कशासाठी बांधला गेला हे नीट पाहिलेलं नाही, असं मला वाटतं.

उदाहरणासाठी फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब घेतो, कारण गिटारवादकांमध्ये त्याच्याइतका ओळखीचा अँप क्वचितच सापडेल. तो १९६३ मध्ये आला. बारा इंची एकच स्पीकर, शेवटच्या टप्प्यात दोन ६व्ही६ ट्यूब, सुमारे २२ वॅट ताकद, आणि तळाशी रिव्हर्बच्या स्प्रिंगांची लांबट पेटी. एका माणसाला उचलता येतो आणि छोट्या हॉलला पुरून उरतो. ज्याच्या नावानं ही कंपनी उभी राहिली त्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९३८ पासून त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण त्याच्या अँपचा कोपरा न् कोपरा दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेतून आखलेला आहे. मागची फळी काढून वरचे चार बोल्ट सोडवले की अख्खं चॅसिस बाहेर येतं. आत काळ्या फायबर बोर्डवर आयलेटांच्या ओळी, प्रत्येक आयलेटात दोन-चार तारांची टोकं, आणि भागांच्या मध्ये सोल्डरिंग आयर्न सहज जाईल एवढी मोकळी जागा. वायरींवर कापडी वेष्टण. सोलायला चाकू लागत नाही, कापड बोटानं मागं सरकवलं की तार उघडी पडते. कोणती ट्यूब कुठं बसते त्याचा तक्ता पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. आपली वस्तू पुढं कुणीतरी उघडणार आहे, हे ज्यानं गृहीत धरलं तोच ती अशी बांधतो.

उघडल्यावर सगळ्यात आधी बदलायचे ते फिल्टर कंडेन्सर. डिलक्स रिव्हर्बमध्ये ते चॅसिसच्या पाठीवर, पत्र्याच्या उथळ झाकणाखाली असतात. झाकणाचे स्क्रू काढले की पाच जाडजूड नळकांडी शेजारी शेजारी बसवलेली दिसतात, प्रत्येकी १६ मायक्रोफॅरडची. त्यांच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि द्रावणात भिजवलेला कागद असतो. हे द्रावण वर्षानुवर्षं सुकत जातं. अँप न वाजवता कपाटात ठेवला म्हणून सुकायचं थांबत नाही, उलट वीज न मिळाल्यानं आतला ऑक्साइडचा थरही खराब होतो. वीस-पंचवीस वर्षं हे त्यांचं साधारण आयुष्य. म्हणजे १९६६ मधला कंडेन्सर विसावं शतक सरायच्या आतच निकामी झालेला धरायला हवा. टोकाचं सील फुगलेलं, त्यावर पांढरट खवले साचलेले, कधी तपकिरी ओघळ थेट तारेपर्यंत पोचलेला. असा कंडेन्सर आधी नुसती गुणगुण वाढवतो आणि खर्जातल्या सुरांची पकड ढिली करतो. मग केव्हातरी तो शॉर्ट होतो, आणि जाताना रेक्टिफायर ट्यूब आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर जाळून जातो. बायसचा २५ मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर गेला तर पॉवर ट्यूबना मिळणारे उणे ३५ व्होल्ट कोसळतात, ट्यूबच्या प्लेट लालबुंद होतात आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो. हे दोन्ही ट्रान्सफॉर्मर मात्र खरोखर जुने, त्या काळच्या गुंडाळणीचे, पुन्हा न मिळणारे. चार पैशांचा भाग राखायला लाखमोलाचा भाग पणाला लावला जातो, आणि त्याला आपण जतन म्हणतो, हे मला पटत नाही.

पॉवर कॉर्डचं प्रकरण याहून गंभीर आहे. त्या काळातले अमेरिकी अँप दोन पिनांचे. चॅसिसला अर्थिंगच नाही. त्याऐवजी पुरवठ्याच्या दोनपैकी एका तारेपासून चॅसिसपर्यंत ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर जोडलेला, आणि ती तार कोणती हे ठरवायला मागं एक स्विच. हेतू चांगला होता, गुणगुण कमी व्हावी. पण तो कंडेन्सर शॉर्ट झाला आणि स्विच नको त्या बाजूला असला, तर वीज थेट चॅसिसवर येते, तिथून गिटारच्या केबलच्या जाळीतून तारांवर, आणि तारांवर तर वादकाची बोटंच असतात. त्याचे ओठ अर्थिंग असलेल्या मायक्रोफोनला लागले की सर्किट पुरं झालं. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झी इथं स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी मंचावरच विजेच्या धक्क्यानं गेला. तिथं अर्थिंगचा दोष मायक्रोफोनच्या बाजूचा होता. पण एका हातात तारा आणि दुसऱ्या हातात मायक्रोफोन, ही जोडी किती जीवघेणी ठरते ते त्यातून कळावं. म्हणून दोन पिनांची कॉर्ड कितीही अस्सल असली तरी ती काढायची, तो कंडेन्सर तोडायचा, आणि तीन पिनांच्या कॉर्डची हिरवी तार चॅसिसला पक्की जोडायची. आपल्याकडं यात आणखी एक मेख आहे. २३० व्होल्टवरून उतरवायला जे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतात, त्यांतल्या कितीतरींच्या बाहेरच्या सॉकेटला अर्थच नसतो; तीन पिनांची कॉर्ड बसवूनही अँप होता तसाच राहतो. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची आणि तो ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला, त्यामुळं तो इथं जास्त तापतो. १२० ऐवजी ११० व्होल्टचा टॅप वापरला तर त्याच्यावरचा ताण उतरतो.

यावर सगळ्यात जोरात घेतला जाणारा आक्षेप असा, की भाग बदलले की आवाज बदलतो. यात तथ्य आहे, पण कोणते भाग, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी मार्शलचा इतिहास उपयोगी पडतो. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शलच्या दुकानात पहिला अँप तयार झाला, तो फेंडरच्या बासमन अँपचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उचलून. तरी पुढं जेटीएम४५ या नावानं गाजलेला तो अँप बासमनसारखा वाजत नाही. ट्रान्सफॉर्मर ब्रिटिश होते, पहिल्या टप्प्यातली ट्यूब जास्त गेनची होती, पुढं पॉवर ट्यूबही केटी६६ आल्या, आणि उघड्या पाठीच्या पेटीतल्या दहा इंची जेन्सन स्पीकरांच्या जागी बंद पेटीत बारा इंची सेलेस्टियन आले. आवाज ठरवणाऱ्या गोष्टी या आहेत. वीजपुरवठा गाळणारा कंडेन्सर कोणत्या कारखान्यातला, याचं त्यात स्थान अगदी खालचं. त्याची क्षमता आणि व्होल्टेज मूळ सर्किटइतकं ठेवलं की पुरे. आणि आणखी एक मुद्दा मला निर्णायक वाटतो. ज्या रेकॉर्ड ऐकून आपण या अँपच्या प्रेमात पडतो, त्या रेकॉर्ड झाल्या तेव्हा त्यातले कंडेन्सर नवे होते. सुकलेल्या कंडेन्सरसकट वाजणारा अँप १९६६ चा आवाज देत नसतो, पुढच्या साठ वर्षांचा बिघाड ऐकवत असतो. फेंडरच्या कारखान्यातसुद्धा एकाच मॉडेलमध्ये कधी ऑक्सफर्डचा स्पीकर बसे तर कधी जेन्सनचा; जो माल हाताशी असेल तो लागायचा.

पण म्हणून दिसेल ते उपटून टाकावं, असं मी म्हणत नाही. काही मेकॅनिक जुना अँप हाती आला की बोर्डावरचा एकेक भाग काढून नवा बसवतात, आणि तेही मला तितकंच चुकीचं वाटतं. झिजतं ते बदलावं, टिकतं ते मोजून पाहावं. दोन टप्प्यांना जोडणारे कपलिंग कंडेन्सर सुकणाऱ्या जातीचे नसतात. एक टोक सोडवून त्यांच्यातून डीसी व्होल्टेज गळतंय का ते मीटरवर पाहायचं, गळत नसेल तर त्यांना हात लावायचं कारण नाही. कार्बन कंपोझिशनचे रेझिस्टन्स वयाबरोबर वर सरकतात. १००के लिहिलेला १३०के दाखवत असेल किंवा ट्यूबच्या प्लेटवर बसून चरचर करत असेल, तर तेवढाच बदलायचा. फायबर बोर्ड दमट हवेत ओलावा पितो आणि जिथं वीज नसावी तिथं काही व्होल्ट पोचवतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे मुद्दाम तपासावं, आणि बोर्ड सावकाश गरम हवेनं सुकवून बघावा. प्रीअँपच्या जुन्या ट्यूब दशकानुदशकं चालतात. त्या गुणगुणत किंवा खणखणत नसतील तर काढू नयेत. स्पीकरचा कोन फाटलेला असला तरी पातळ कागद आणि डिंकानं तो पुष्कळदा सांधता येतो, आणि त्याच्या आवाजाची सर दुसऱ्या कोणत्याही स्पीकरला येत नाही. इथं मी जुन्याचाच हट्ट धरतो.

खरेदीही याच हिशेबानं करावी. सीबीएस या अमेरिकी कंपनीनं जानेवारी १९६५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरना फेंडर विकत घेतली, आणि १९६८ च्या सुमारास अँपचं काळं पॅनेल जाऊन चंदेरी आलं. तेव्हापासून काळं ते अस्सल, चंदेरी ते हलकं, अशी बाजाराची धारणा झाली आहे. काही मॉडेलांच्या बाबतीत तिला आधार आहे. डिलक्स रिव्हर्बचा मूळ आराखडा मात्र टिकून राहिला. जे किरकोळ बदल झाले ते थोड्या कामानं परत फिरवता येतात. तरीही चंदेरी अँप बराच स्वस्त मिळतो, म्हणून वाजवणाऱ्यानं तोच घ्यावा आणि वाचलेला पैसा दुरुस्तीला ठेवावा. पाहायचं ते ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरवरचे आकडे. ६०६ नं सुरू होणारा क्रमांक शूमाकरचा ट्रान्सफॉर्मर सांगतो, २२० जेन्सनचा स्पीकर, ४६५ ऑक्सफर्डचा. पुढं वर्षाचा शेवटचा अंक आणि मग आठवडा. हे आकडे एकमेकांशी जुळत असतील, तर कंडेन्सर बदललेले असणं ही माझ्या लेखी जमेची बाजू आहे.

संग्राहक म्हणतात, किंमत पडते, आणि इतिहासाचा पुरावाही पुसला जातो. किमतीचं म्हणाल तर ट्रान्सफॉर्मर किंवा स्पीकर बदलला, पेटी नव्यानं रंगवली, तर ती पडते आणि पडायलाच हवी. फिल्टर कंडेन्सर आणि तीन पिनांची कॉर्ड जाणकार गिऱ्हाईक समजून घेतं. पुराव्याचा मुद्दा मी अधिक गंभीरपणे घेतो. म्हणून काढलेला प्रत्येक भाग लेबल लावून पिशवीत घालावा, ती पिशवी पेटीतच ठेवावी, आणि उघडण्याआधी बोर्डाचे फोटो काढावेत. एखाद्या मॉडेलचा अगदी सुरुवातीचा, क्वचित मिळणारा नमुना असेल तर तो न वाजवता तसाच ठेवायलाही माझी हरकत नाही. पण ज्यातून रोज सूर काढायचे आहेत त्याला हा नियम कसा लावणार? वाड्याची कौलं दर पावसाळ्याआधी शाकारली म्हणून वाडा नवा ठरत नाही.

मग एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवाच का घेऊ नये, असंही विचारलं जातं. फेंडरनं १९९३ पासून डिलक्स रिव्हर्बची नवी आवृत्ती काढली आहे, आणि जुन्या अँपचा आवाज हुबेहूब उतरवणारी डिजिटल यंत्रं तर पाठपिशवीत मावतात. रेकॉर्डिंगमध्ये जुना अँप आणि असं यंत्र यांतला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही, हे मी मान्य करतो. गावोगाव कार्यक्रम करणाऱ्यानं ते यंत्रच न्यावं. माझा मुद्दा टिकण्याचा आहे. नव्या आवृत्तीत भाग छापील सर्किट बोर्डवर बसवलेले असतात, आणि त्याचा तांब्याचा पातळ थर वारंवारच्या सोल्डरिंगनं उखडतो. डिजिटल यंत्रातली चिप बंद झाली की पर्यायच उरत नाही. १९६६ च्या अँपमधला प्रत्येक भाग, ट्रान्सफॉर्मरसकट, मूळ गुंडाळणीचा नसला तरी आजही त्याच मापाचा बनवून मिळतो. ट्यूबचं तेवढं नाजूक आहे: रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया इथल्या मोजक्या कारखान्यांवर सगळं जग अवलंबून आहे, आणि २०२२ मध्ये युद्धामुळं रशियन पुरवठा अडखळला तेव्हा त्याची झळ सगळ्यांनाच लागली.

महाराष्ट्रात हे काम कोण करणार, ही अडचण खरी आहे, पण वाटते तेवढी मोठी नाही. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं एके काळी रेडिओच्या ट्यूब बनवल्या, आणि मर्फी-फिलिप्सचे व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारे जुने मेकॅनिक अजून आहेत. त्यांना गिटारमधलं काही कळायची गरज नाही. सर्किटचा नकाशा छापून समोर ठेवला की तो त्यांना वाचता येतो. त्यांना दोनच गोष्टी बजावून सांगाव्यात. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट उरलेले असू शकतात, तेव्हा रेझिस्टन्स लावून ते आधी उतरवायचे. आणि काम झाल्यावर अँप थेट लाइनवर न लावता सिरीज बल्बमधून चालू करायचा: बल्ब भगभगून पेटलेलाच राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, क्षणभर उजळून मंद झाला तर पुढं जायला हरकत नाही. मग बायस. ६व्ही६ च्या माहितीपत्रकात प्लेटची मर्यादा साधारण ३१५ व्होल्ट दिलेली, आणि हा अँप तिला सुमारे ४१५ देतो. म्हणून नव्या ट्यूब दणकट बनावटीच्याच घ्याव्यात आणि प्रत्येकीतून २० मिलिअँपिअरच्या आसपास करंट ठेवून अर्धा तास अंधारात प्लेटकडं पाहत बसावं. कुठं लालसर झाक दिसलीच तर स्विच लगेच बंद करून बायसकडं पुन्हा वळावं.