चरित्र आणि साक्षात्कार

फ्रान्सच्या आग्नेयेला, आल्प्सच्या ओसरीवर गाप नावाचे शहर आहे. तेथून जवळच सेऊझचा डोंगर. सुमारे दोन हजार मीटर उंचीचा, आणि माथ्याला दोनतीन किलोमीटर लांबीचा चुनखडीचा कडा, एखाद्या किल्ल्याच्या तटासारखा. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या डोळ्यांना हा पांढराशुभ्र, मधूनच निळसर पट्टे ओढलेला खडक प्रथम खोटाच वाटतो.

माझ्या भाच्याला प्रस्तरारोहणाचे वेड. ‘‘मामा, पायथ्यापर्यंत तरी चला, चढायला नाही सांगत,’’ असे म्हणून त्याने मला नेले. हा ‘पायथा’ तासाभराच्या खड्या चढणीवर निघाला! धापा टाकत पोहोचलो, तर समोर दहाएक मजली इमारतीएवढी, अंगावर झुकलेली भिंत. हिच्यावरच जगातल्या अतिकठीण वाटांपैकी एक आहे, असे कळले.

या खेळात दोर असतो, पण तो चढण्यासाठी नव्हे. पडलात तर झेलण्यासाठी. खडकात आधीच पोलादी बोल्ट ठोकलेले असतात, त्यांत दोर अडकवीत जायचे. आधार मात्र खडकाचाच : बोटांची पेरे जेमतेम मावतील अशा खोबणी आणि पाऊल टेकण्यापुरते उंचवटे. हात सुटला, किंवा दोराला लोंबकळून क्षणभर जरी विसावा घेतला, तरी चढाई बाद. पुन्हा जमिनीपासून श्रीगणेशा!

या भिंतीवर १९८९ साली बोल्ट ठोकले ते गापच्याच ज्याँ-क्रिस्तोफ लाफाय याने. वाट त्याने आखली, पण ती पुरी झाली नाही. १९९६ साली आर्नो पेती खालच्या टप्प्यापर्यंत पोहोचला. अखेर जुलै २००१ मध्ये ख्रिस शर्मा नावाचा वीस वर्षांचा अमेरिकन तरुण शेवटापर्यंत गेला. चढाईच्या श्रेणीत तिला ‘नऊ-अ-अधिक’ हा दर्जा मिळाला. तोवर एवढी अवघड वाट क्वचितच कोणी चढले असेल. सप्टेंबर २०१७ मध्ये मार्गो हेज ही एकोणीस वर्षांची अमेरिकन मुलगी ती चढली, स्त्रियांत पहिलीच.

मग गंमत झाली ती बारशाची. शर्माने वाटेचे नाव ठेवले ‘रिअलायझेशन’. फ्रेंच रिवाज असा, की बारशाचा मान बोल्ट ठोकणाराचा. म्हणून फ्रेंचांसाठी ती ‘बिओग्राफी’च राहिली. आजही दोन्ही नावे कानी येतात. माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. एक नाव ‘चरित्र’, दुसरे ‘साक्षात्कार’!

लाफाय पुढे हिमालयाकडे वळला. १९९२ साली अन्नपूर्णेवर सोबती कोसळून गेल्यावर, हात मोडला असताना तो एकटा खाली उतरून आला. जानेवारी २००६ मध्ये, ऐन हिवाळ्यात मकालूवर एकटाच गेला, तो परतला नाही.

भाच्याला विचारले, ‘‘ज्याला स्वतःला जमली नाही, त्याने वाट आखलीच कशाला?’’

तो दोर गुंडाळीत म्हणाला, ‘‘मामा, बोल्टच नसते तर शर्मा चढला असता कशावरून?’’

मी गप्प राहिलो. आपल्या हयातीत न फळणारे आंब्याचे रोप लावणारी म्हातारी माणसे मी कोकणात पाहिली आहेत. ऐन चोविशीत तसे रोप लावणारा मात्र मला त्या पांढऱ्या कड्यापाशीच भेटला.