भीमाकाठची तुतवार

तुतवार थांबली तरी तिचे शेपूट थांबत नाही. पाण्याच्या कडेशी उभ्या या बुलबुलाएवढ्या पाखराचा मागचा भाग अखंड खालीवर होत राहतो. ओल्या मातीच्या रंगात हरवलेली तुतवार त्या हालचालीनेच नजरेला सापडते.

श्रावण-भाद्रपदात, भीमा अजून गढूळ असताना, ती उत्तरेकडून येऊ लागते. नीरा-नृसिंहपूरला नीरेला सोबत घेऊन भीमा पंढरपूरकडे निघते. त्याच उसाच्या मुलखात माळशिरस तालुक्यातले श्रीपूर आहे. या भागात तुतवारीच्या तीन जाती वेगळ्या ओळखाव्या लागतात, आणि प्रत्येकीची जागाही वेगळी असते.

सामान्य तुतवार नदीतले खडक, बंधाऱ्याची भिंत, घाटाच्या पायऱ्या धरून एकटीच फिरते. तिची पाठ तपकिरी, पोट शुभ्र. छातीच्या तपकिरी डागामागून पोटाची पांढरी रेघ खांद्याकडे चढते. ही तिची पक्की खूण. उडताना ती पाण्याला लागून जाते. पंख थरथरतात, क्षणभर ताठ धरले जातात, पुन्हा थरथरतात, आणि त्यांवरची पांढरी पट्टी उजळते.

हिरव्या तुतवारीला आडोसा लागतो. ओढ्याचे वळण, चारी, उसाकडेचे डबके ही तिची ठिकाणे. पाठ काळपट, तिच्यात हिरवट झाक. चाहूल लागताच ती ओरडत उंच जाते; तेव्हा कमरेचा पांढरा भाग लख्ख दिसतो आणि पंखांची खालची बाजू काळी. पाणथळीचे हे पाखरू उत्तरेकडच्या जंगलात अंडी घालते ती मात्र झाडावर, बहुधा कस्तुरासारख्या पक्ष्यांनी सोडलेल्या घरट्यात.

ठिपकेवाली तुतवार मोकळ्या चिखलातली. पाठीवर दाट ठिपके, डोळ्यामागे लांबवर गेलेली पांढरी भुवई, पिवळसर पाय आणि फिकट पंखतळ. तिच्यासाठी श्रीपूरच्या वरच्या अंगाला, भीमेवरच्या उजनी जलाशयाकडे जावे. १९८०मध्ये पुऱ्या झालेल्या या धरणाचे पाणी हिवाळ्यापासून उतरू लागते. गाळ उघडा पडतो, गाळपेरीची रोपे वर येतात, आणि त्यांच्या कडेने ठिपकेवाल्या घोळक्याने किडे टिपत हिंडतात.

पाहण्यासाठी सकाळ उत्तम. सूर्य पाठीशी ठेवून काठापासून दूर बसावे. चोच आखूड की लांब हे पाहण्याआधी जागा पाहावी, मग उड्डाण.

वैशाखापर्यंत बहुतेक तुतवारी उत्तरेकडे परततात. काठ ओला आणि मोकळा राहिला, की पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याच दगडावर पुन्हा शेपूट हलू लागते.